लोकरीवरचा आळ

वर्गातच मला धाप लागली. छातीतून शिट्टी वाजत होती. शाळा कमिटीचे तात्या पाहुण्यांना शाळा दाखवत होते. तात्या म्हणजे उसाचे मोठे बागायतदार. नाकाला रुमाल लावून ते गुरुजींना म्हणाले, "धनगराची का ही? मेंढरांत झोपत्यात, मग दमा न्हाय तर काय हुईल? बसवा भाईर."

गुरुजींनी मला व्हरांड्यात बसवलं. पोरं हसली. मला माझ्याच अंगाच्या वासाची लाज वाटली.

घरी जाऊन मीच सांगितलं, मेंढरांच्या लोकरीनं दमा होतो म्हणून. आई म्हणाली, "आपल्या पिढ्या मेंढरांत गेल्या. कुणाला झालं हे?" पण मोठा माणूस बोलला, ते खोटं कसं असेल? आप्पांनी, माझ्या वडिलांनी, सगळी मेंढरं बारामतीच्या बाजारात विकली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग तात्यांच्याच उसात मजुरीला जायला लागले.

घरात लोकरीचा धागा उरला नाही. दमा मात्र होता तसाच.

आमच्या घरामागंच तात्यांचं शेत. ऊस तुटून गेला की त्याची वाळकी पानं, पाचट, तिथंच पेटवायचे. भाकरीवर काळी राख पडायची. त्याच दिवसांत माझा श्वास अडकायचा. मग नीट पाहिलं, तर तात्यांचा नातूही खोकत होता. त्यांच्या वाड्यात मेंढरू कधी शिरलं नव्हतं. आजी सांगायची, रानोमाळ ऊस झाला नव्हता तेव्हा अशी पोरं दिसायची नाहीत. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत दर घराआड एक पोर धापा टाकत होतं. आणि फाशी आमच्या मेंढरांना. चोर सोडून संन्याशाला.

पुढच्या हंगामात तात्यांनी आप्पांच्याच हातात काडेपेटी दिली. मी जाऊन पाचटात उभी राहिले.

"ए पोरी, हो बाजूला."

"न्हाय व्हणार. मेंढरं गेली, तात्या. दमा हायच. त्यो तुमच्या धुराचा हाय."

 रागानं भीती गिळली होती.

तात्या आप्पांना म्हणाले, "आवर हिला. न्हायतर उद्यापास्नं येऊ नगंस."

आप्पांनी काडेपेटी बांधावर ठेवली आणि माझा हात धरून चालू लागले. मागं दुसऱ्या मजुरानं पाचट पेटवलं. त्या रात्री मी मरता मरता वाचले. आप्पांचं काम गेलं ते गेलंच.

तेव्हापासून धाप लागली तर मी आडोशाला जात नाही. चारचौघांत खोकते. कशानं होतं, असं कुणी विचारलं, की पाचट पेटवणाऱ्या मालकाचं नाव घेऊन सांगते. तो समोर बसला असला तरी.