तोंडावरून वारं गेलं

"सीटी बजाओ," डॉक्टर म्हणाले.

बीडच्या सरकारी दवाखान्यात स्टुलावर बसलो होतो. मला हसूच आलं. ओठांवर पोट भरणाऱ्या माणसाला शिट्टी वाजवायला सांगत होते! सिकंदराबादच्या एका क्लबात साहेब लोकांच्या नाचाला मी ट्रम्पेट वाजवत असे. मी ऐटीत ओठांचा चंबू केला. उजवा अर्धा पुढे आला, डावा जागचा हलला नाही. फुस्स करून हवा डाव्या कोपऱ्यातून निघून गेली.

डॉक्टर हैदराबादचे होते, दखनीत बोलायचे. त्यांनी मला कपाळाला आठ्या घालायला लावल्या, गाल फुगवायला लावले, डोळे मिटायला लावले. प्रत्येक काम अर्धंच झालं. दोन्ही डोळे मिटलेत अशी माझी समजूत होती, पण डाव्या डोळ्यातून मला डॉक्टर दिसतच होते.

"फेशियल पॅरालिसिस," ते म्हणाले. म्हणजे चेहऱ्याचा लकवा. कानामागून एक नस निघते आणि चेहऱ्याची एक बाजू हलवते. ती सुजली की ती बाजू लुळी पडते. हातपाय धड असतील आणि कपाळावर त्या बाजूला आठीसुद्धा पडत नसेल, तर बिघाड नसेत असतो, मेंदूत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तोंड वाकडं झालं की माणूस आधी मरणाचाच विचार करतो. मीही केला होता.

माझी थोरली बहीण, अक्का, दारात उभी होती. तिनं कंपाउंडरला विचारलं, "म्हंजी काय झालं वो?"

"तोंडावरून वारं गेलंय, बाई."

"मग मी काय सांगत हुते सकाळधरनं?" अक्का म्हणाली. डॉक्टरांनी एवढी तपासणी करून तिचंच म्हणणं सांगितलं, असा तिचा चेहरा झाला होता.

मला मात्र तो शब्द लागला. वाऱ्याचाच तर माझा धंदा. छातीतलं वारं पितळेतून काढायचं आणि लोकांना नाचवायचं. त्याच वाऱ्यानं मला दगा दिला म्हणायचं.

सुरुवात साधी होती. रजा घेऊन मी लिंबागणेशला अक्काकडे यायला निघालो. परळीपर्यंत रेल्वे, पुढे मोटार. उकाड्यामुळे सगळा प्रवास खिडकीला तोंड लावून केला. आल्यावर कानामागे ठणका लागला आणि कालवणाला चव लागेना. अक्काला म्हटलंही, मीठ विसरलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायलो तर तो डाव्या बाजूनं सदऱ्यावर आला. अक्का आधी हसली. मग माझ्याकडे नीट बघून तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

आता मी कोण, तेही सांगतो. आम्ही गुरव. वडील देवळात सनई वाजवायचे. मिसरूड फुटायच्या आधी मी हैदराबादला गेलो आणि पलटणीच्या बँडात बिगूल वाजवू लागलो. बिगुलावरून कॉर्नेट, कॉर्नेटवरून ट्रम्पेट. एका परेडीत इनास मास्तरांनी मला ऐकलं. ते गोव्याचे होते, क्लबातला ऑर्केस्ट्रा चालवायचे. त्यांनी मला ग्रामोफोनवर जाझ ऐकवलं. पहिल्यांदा मला वाटलं, तबकडी बिघडली आहे. ठेका एकीकडे आणि सूर दुसरीकडे, मुद्दाम उशिरा येणारा, लाडात आलेल्या पोरासारखा.

पण त्याची गोडी लागली. कागदावर लिहिलेलं सगळ्यांनी मिळून वाजवायचं, आणि मधेच मास्तर मान हलवायचे. तेव्हा कागद सोडून मी उभा राहायचो आणि मनात येईल ते वाजवायचो. त्याला सोलो म्हणतात. पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य ट्रम्पेटवाल्याची जागा, माझी होती. ती मिळवायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा गर्व होता.

मात्र क्लबात आमच्याकडे कोणी बघायचं नाही. नाचणारा माणूस ज्याच्या कंबरेत हात असतो त्याच्याकडे बघतो. आणि इकडे गावात मी काय वाजवतो ते कोणाला माहीतच नव्हतं. विचारलं कोणी तर अक्का सांगायची, "साहेबाकडं पिपाणी वाजवितो." म्हणजे जिथे ऐकू जायचं तिथे मी कोणाचा नव्हतो, आणि ज्यांचा होतो त्यांनी ऐकलं नव्हतं. चेहरा धड होता तोवर हे कधी खुपलं नाही.

मास्तरांना कळवलं. त्यांचा निरोप आला की नाताळच्या नाचापर्यंत खुर्ची तुझी. क्लबाचा सगळा हंगाम त्या नाचापासून सुरू होतो, त्यांना ट्रम्पेटशिवाय भागणार नव्हतं. माझ्यासाठी हे सगळं दुखणं एकाच प्रश्नाचं होतं. नाताळाआधी ओठ परत येतो की नाही?

दवाखान्यात मला खाट मिळाली. दुखण्यापेक्षा डोळ्याची काळजी जास्त. पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो आणि त्याला जखम होऊ शकते. म्हणून थेंब घालायचे आणि वर पट्टी बांधायची. ज्यांना हे दुखणं होईल त्यांनी बाकी काही विसरावं, हे विसरू नये. एका पेटीतून बॅटरीचे झटके द्यायचे. त्याला गॅल्व्हनिक करंट म्हणत. वायरीच्या टोकाची बारकी ओली गादी गालावर ठेवली की गाल आपोआप उडायचा. तो उडाला की मला केवढी आशा वाटायची! पेटी बंद केली की गाल पुन्हा मेल्यासारखा. ओठाचा कोपरा खाली ओघळू नये म्हणून तारेचा एक आकडा दिला होता. एक टोक कानाला, एक तोंडाला. तो लावून आरशात बघितलं आणि आरसा पालथा घातला.

"बाजा कब बजाऊं?" रोज माझा एकच प्रश्न.

"अब्बी फूंको नक्को," डॉक्टर सांगायचे. "जिस दिन सीटी बजेगी, उस दिन बाजा."

शेजारच्या खाटांवर तापाची, मोडलेल्या हाडांची माणसं होती. त्यांचं आपसात चांगलं जमलं होतं. माझ्याशी बोलताना मात्र ती छताकडे बघून बोलायची. मी थट्टा केली तरी ती कोणाला कळायची नाही, कारण थट्टा करताना माणूस हसतो आणि मी हसलो की वेडावल्यासारखा दिसायचो. चेहरा हा बोलण्यातला अर्धा वाटा असतो, हे मला तिथे कळलं. मग मी गप्प राहू लागलो. फार एकटं वाटायचं. सुरांचं दुःख सांगावं असं त्या जिल्ह्यात मला कोणीही नव्हतं.

सुजेचा जोर ओसरल्यावर घरी सोडलं. पेटीसाठी तेवढं अधूनमधून बीडला जायचं. गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे जायफळ तोंडात धरा, कोणी म्हणे पारव्याचं रक्त चोळा. जायफळ मी धरलं. पारव्याला अक्कानंच वाचवलं. ती म्हणाली, "त्या पाखराचं तोंड कावून वाकडं करता?"

रोज आरशासमोर बसून 'प', 'फ', 'ब', 'म' म्हणायचं. लहान पोरासारखं. पावसाळा गेला, ज्वारी पेरून झाली, तरी माझा 'प' काही ओठांतून फुटेना. अक्का त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. जेवलास का, तेल लावलंस का, एवढंच. मला तिचा राग यायचा. माझं काय चाललंय ते हिला कळतच नाही, असं वाटायचं.

एका सकाळी दुधावरची साय बाजूला करायला फुंकर मारली आणि शिट्टी वाजली. बारीक, थोडी फाटकी, पण शिट्टी. मी पुन्हा फुंकलं, पुन्हा वाजली. दूध सगळं उतू गेल्यासारखं ताटलीत सांडलं. अक्का म्हणाली, "दूध प्यायचं हाय, वाजवायचं न्हाई." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

त्याच दिवशी ट्रम्पेट घेऊन मी गावामागच्या टेकडीवर गेलो. घरात वाजवायची लाज वाटत होती. पहिला सूर म्हशीच्या हंबरण्यासारखा निघाला. रोज जाऊ लागलो. दिवाळी झाली तसे सूर सरळ झाले. मग एक भलतीच गोष्ट लक्षात आली. वरचा सूर लावायला ओठ आवळले की डावा डोळा गप्पकन मिटायचा. सूर खाली आणला की उघडायचा. त्यावर माझा काही ताबा नव्हता.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नाव सांगितलं, सिन्किनेसिस. नस पुन्हा वाढताना रस्ता चुकते. ओठाकडे जायचा धागा डोळ्याकडे जातो. ओठाला हुकूम सोडला की डोळापण तो ऐकतो.

"डाकिया गलत घर में चिठ्ठी डाल रा, समझो," ते म्हणाले.

"सुधरेगा?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अब घर उसीका हो गया, मियां."

शिवाय अगदी वरचे सूर परत आलेच नव्हते. सोलोची सगळी मजा तिथेच. मी टेकडीवर जाऊन बसायचो. खाली गाव दिसायचं, शेरडं चरायची. मी वाजवायचो आणि एकटाच ऐकायचो. कधी कधी रडायचोही. डाव्या डोळ्याला रडतानासुद्धा उशीर व्हायचा.

नाताळ जवळ आला असताना अक्काच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगा नांदूरघाटचा. अक्का म्हणाली, "नामा, वरातीला तू वाजीव." मी नाही म्हणत होतो, पण तिनं ऐकलं नाही.

वरात निघाली. हलगीवाल्यांच्या पुढे मी. अंगात क्लबातला काळा कोट. हलगीच्या ठेक्यावर मी थोडा उशिरा सूर टाकला, जाझसारखा, आणि तो असा काही बसला की मला राहवेना. समोर वऱ्हाडातल्या बायका उभ्या होत्या. मी सूर चढवला.

खेळ तिथेच थांबला. नवऱ्या मुलाचा मामा आडवा आला आणि त्यानं माझा कोट धरला. "काय बे! आमच्या बायांकडं बघून डोळा मारतो?"

मी समजूत काढायला हसलो. ती माझी दुसरी चूक. अर्ध्या तोंडाचं हसू त्याला कुत्सित वाटलं. "वरून हसतो बी!" तो ओरडला. चारपाच जण पुढे झाले. हलगी बंद. लग्न मोडतंय की काय, असं मला वाटलं. बोलायला गेलो तर कोणी ऐकून घेईना.

तेवढ्यात अक्का गर्दीतून आत आली. नवरीची आई अशी पुढे येत नाही, पण ती आली.

"सोडा त्याला. डोळा मारत न्हाई त्यो. तोंडावरून वारं गेलं हुतं. सूर वर चढला की डोळा मिटतो, खाली आला की उघडतो. पयल्यांदा पयल्यांदा मधल्या सुरालाबी मिटायचा, आता न्हाई मिटत. दिवाळीच्या आदीपासून रोज बघायलेय मी. टेकडीच्या अलीकडं बोरीआड बसून."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"वाजीव रे नामा," ती म्हणाली. "बघू दे समद्यांला."

मामानं कोट सोडला. मी ट्रम्पेट ओठाला लावलं. खालचा सूर धरला. मामा माझ्या डोळ्याजवळ वाकून बघत होता, सोनार नग बघतो तसा. मी सूर चढवला.

"मिटला!" मामा ओरडला.

सूर उतरवला. "उघडला!" बायका ओरडल्या.

मग काय, सगळं वऱ्हाडच ओरडायला लागलं. मिटला! उघडला! हलगीवाल्यांनी ठेका धरला. मी कागद सोडून मनात येईल ते वाजवत सुटलो, वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. इतकी वर्षं मी सोलो वाजवले होते, पण माझ्या तोंडाकडे कोणी बघत असताना वाजवलेला हा पहिलाच. अक्का कडेला उभी होती. ती ओरडत नव्हती. तिला सगळं आधीच ठाऊक होतं.

नाताळला मी सिकंदराबादला गेलो. मास्तरांनी ऐकलं आणि मला दुसरी खुर्ची दिली. पहिल्या खुर्चीवर आता दुसरा पोरगा आहे. त्याचे वरचे सूर स्वच्छ लागतात. वाईट वाटतं, नाही असं नाही.

ज्यांच्या तोंडावरून वारं गेलं असेल त्यांना सांगतो. डोळा जपा, घाईनं फुंकू नका, आणि पारव्याला सोडून द्या. बहुतेकांचा चेहरा परत येतो. माझ्यासारखा थोडा चुकून आला तरी येऊ द्या. आणि आपल्याकडे कोणी बघत नाही असं फार वाटू लागलं, तर एकदा बोरीआड डोकावून या.

त्या डॉक्टरांचे आणि अक्काचे उपकार मी विसरणार नाही. अजून वाजवतो. मधला सोलो मास्तर कधीतरी मला देतात. मी उभा राहतो, सूर चढतो, डावा डोळा मिटतो. नाचणारे आपले नाचत असतात. मला मात्र तेवढ्यात कोणीतरी "मिटला!" म्हणून ओरडल्याचं ऐकू येतं.