तिसऱ्या सर्व्हिसची सही

शिवप्रिया गच्चीवर चढली की माझं घरातल्या कामात लक्ष लागत नाही. तिचे वडील म्हणतात, "पोरगी शिडीवर, अन् जीव हिचा टांगलेला." म्हणोत बापडे. शिवप्रिया माझी मुलगी, सत्तावीस वर्षांची. धाराशिव आणि तुळजापूर मिळून अकरा इमारतींच्या एसीची देखभाल ती करते. त्यात दोन बँका आहेत, लॉज आहेत, कापडाचं एक दुकान आहे आणि आमच्या घराजवळचा एक खासगी दवाखाना. आयटीआयमध्ये त्या ट्रेडला ती एकटीच मुलगी होती. मी बी.ए. झालेली, मला वाटायचं ही कुठेतरी खुर्चीत बसेल. ती पाना घेऊन गच्चीवर गेली.

तिचं काम वार्षिक कराराचं. वर्षातून चार वेळा जायचं, यंत्र बंद करायचं, उघडायचं, धुवायचं, तपासायचं. बिघडण्याआधी. लोकांना नेमकं हेच पटत नाही. कापडवाले शंभुलिंगशेट तिला म्हणाले होते, "चांगल्या चालत्या बैलाला कुणी सुई टोचतं का गं पोरी?"

"टोचतात की काका. लस असती ती."

शेट हसले आणि दुकान दोन तास बंद ठेवलं. सगळे तसे नसतात. प्रत्येक इमारतीचं एक कार्ड असतं, त्यावर चार सर्व्हिसचे चार रकाने. काम झालं की मालकाने किंवा व्यवस्थापकाने सही करायची. पण आमच्याकडे सहीला कामापेक्षा मानपानच जास्त चिकटलेला. माणूस उन्हातून आला, त्याला चहा पाजला, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मग यंत्र न उघडताच सही देऊन टाकतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं.

मार्चमध्ये दवाखान्यात तिसऱ्या सर्व्हिसला असंच झालं. तिथले व्यवस्थापक बाबूराव भले गृहस्थ आहेत. ऑपरेशन थिएटरला हवा पुरवणारं यंत्र गच्चीवर आहे. ते बंद करायचं म्हणजे थिएटर बंद. बाबूराव म्हणाले, "शिवप्रियाताई, आज सात ऑपरेशनं हायती. मशीन न्हाय बंद करता येणार. ही घ्या सही, चौथ्या खेपेला दोन्ही मिळून करा." शिक्कासुद्धा मारला. तिने चहा प्याला आणि कार्ड पिशवीत टाकलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलली. आणि मी, तिची आई, काय म्हणाले? "त्यांनीच दिली ना सही? तुझा काय दोष? करार नवा करायची वेळ जवळ आलीय. गप्प बस."

ती गप्प बसली. माझंच चित्त थाऱ्यावर राहिना. भांडी घासताना मी विचारलं, "त्या यंत्रात पाणी साचलं तर गं?"

"साचलंच असणार. डिसेंबरातच निचऱ्याची नळी अर्धी तुंबली होती. मी तेव्हा मोकळी केली, पण तिला दर तीन महिन्यांनी बघावंच लागतं."

"मग?"

"मग काय, आई. पाणी साठतं त्या ट्रेत बुरशी धरती. अन् तीच हवा टेबलावरच्या माणसावर येती."

पुढचे चार दिवस मी दवाखान्यासमोरून जाणंच टाळलं, लांबच्या रस्त्याने भाजी आणली. पाचव्या दिवशी समोरच्या घरची गायत्री सांगत आली, की उद्या सकाळी तिचं सिझर आहे, त्याच दवाखान्यात. हातात पेढे होते, तुळजाभवानीला जाऊन आली होती. शिवप्रिया आतून ऐकत होती. गायत्री उंबऱ्याबाहेर पडली आणि हिने कार्ड घेऊन स्कूटीची किल्ली उचलली. मी "थांब" म्हणाले, आणि म्हणता म्हणता मागे बसलेसुद्धा.

बाबूरावांच्या टेबलावर तिने कार्ड ठेवलं. त्यांच्या सहीवर आडवी रेघ ओढली आणि लिहिलं: काम झालेले नाही.

"अवो, हे काय केलंत! तपासणीवाले येणार हायती. कागद नासवला की!"

"काम झालं नाही, काका."

"मी म्हणतो ना झालं!"

"तुम्ही म्हणालात म्हणून ट्रे धुतला जात नाही."

आवाज चढले. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर चारुशीला थिएटरमधून बाहेर आल्या. मला वाटलं, आता ही बाबूरावांचं नाव सांगणार. ती म्हणाली, "मॅडम, मी काम न करता सही घेतली. घ्यायला नको होती."

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"सहा तास."

"तीनला शेवटची केस संपते, तेव्हा सुरू कर. उद्या दिवसभर थिएटर बंद ठेवून निर्जंतुक करून घेऊ." मग म्हणाल्या, "आणखी किती ठिकाणी अशा सह्या घेतल्यास?"

शिवप्रिया कार्ड उचलून पिशवीत घालायला लागली. मला ते खटकलं.

तिने ट्रे खाली आणला तेव्हा त्यात शेवाळासारखा बुळबुळीत थर होता. फिल्टर काळाकुट्ट. बाबूराव बघत उभे राहिले, मग खाली बसून स्वतःच्या रुमालाने पायरीवर सांडलेलं पाणी पुसायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, "लिफ्टची अन् जनरेटरचीही कार्डं आणा." कराराबद्दल एवढंच म्हणाल्या, "मे महिन्यात बघू." शाबासकी नाही, काही नाही. गायत्रीचं सिझर एक दिवस पुढे गेलं आणि नीट पार पडलं, पण आमच्या करारावर अजून सही नाही.

आणि गावात गोष्ट पोचली. एका बँकेच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "आमच्याही कार्डावर खोडाखोड करणार का?" लातूरचा एकजण तिच्या जागी यायला तयारच आहे म्हणे.

आज जेवणं झाल्यावर शिवप्रियाने अकराही कार्डं जमिनीवर पसरली. एकेक उचलून बाजूला ठेवत गेली. दोन उरली. एक बँकेचं, एक तुळजापूरच्या लॉजचं.

"ही पण?" मी विचारलं.

"हो. गेल्या वर्षी अशीच सही घेतली होती."

"सांगणार दोघांना?"

"उद्याच."

बँकेचं गेलं तर काय, लॉजचं गेलं तर काय, एकदा नाव खराब झालं तर बाकीचे ठेवतील का, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. गप्प बस, हेही. मी म्हणाले, "लॉजवाले रणधीरराव सकाळी देवळात असतात. अकराच्या आत जाऊ नकोस."