गजमल मास्तरच्या बँडविषयी माझी तक्रार

माझ्या लग्नाला माझी आई नव्हती. तिची तब्येत अगदी ठणठणीत होती, आमचं भांडणही नव्हतं. त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर, त्याच नवापूर गावात, दोन गल्ल्या पलीकडे ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलावर अक्षता टाकत होती.

आणि तरी लोक मला सांगतात की गजमल मास्तरसारखा बँड पुन्हा होणे नाही! नंदुरबारला चार म्हातारे बाकावर बसले की बोलणं फिरून फिरून गजमल मास्तरच्या क्लॅरोनेटवर येतं. त्यांचे डोळे मिटतात, माना डोलायला लागतात आणि मग मला तिथून उठून जावं लागतं. माझं रक्त उकळतं हो! ज्या बँडने भर रस्त्यात नवरदेवाला वाऱ्यावर सोडलं, त्या बँडची कीर्ती ऐकत बसायची म्हणजे काय?

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. त्या काळी आमच्या भागात गजमल मास्तरचं नाव म्हणजे विचारू नका. कोणी सांगे, विसरवाडीच्या फाट्यावर त्याने सुरावट धरली आणि धुळ्याकडे निघालेले ट्रक रांगेने उभे राहिले. कोणी सांगे, मोलगीच्या बाजारात तो सहज वाजवायला बसला तर डोंगरातून आलेली माणसं मिरच्या विकायच्या सोडून रात्रीपर्यंत तिथेच. रुसलेले व्याही त्याचं क्लॅरोनेट ऐकून आपणहून पानावर येऊन बसतात, असंही म्हणत. (सांगणाऱ्यांपैकी एकानेही असा व्याही पाहिलेला नव्हता. मी चौकशी केली आहे.)

माझं लग्न ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, "गजमल मास्तर वाजवणार असेल तरच मी घोडीवर बसेन." आईने तर त्याआधीच देवाला नारळ बोलून ठेवला होता. विरोध केला तो एकट्या शंकरमामाने, म्हणजे आईच्या भावाने.

"गाल फुगाडतस, दुसरं काय करतस?" मामा म्हणाला.

मामाला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येई. त्यामुळे या बँडविषयी ज्याचं मत निःपक्षपाती होतं असा आमच्या भागातला तो एकमेव माणूस. पण त्याचं ऐकतो कोण? आम्ही मास्तरला सुपारी देऊन आलो.

तिकडे नवापूरला माझे सासरे लाकडाच्या वखारीचे मालक. माणूस उभा-आडवा आणि स्वभाव त्याहून उभा. थोरल्या मुलीच्या लग्नात नवरदेवाकडच्या वऱ्हाडाने नाचत नाचत मुहूर्त घालवला होता, ते त्यांच्या मनात सलत होतं. त्यांनी आधीच निरोप धाडला, "मानपान तुमना मनप्रमाणे करू. पन गोरज मुहूर्त टळना तं मांडवमा पाय ठेवानं नही." आणि हा माणूस बोलल्याप्रमाणे करतो अशी ख्याती होती. त्याच्या ख्यातीबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.

लग्नाच्या दिवशी नवापूरला मारुतीच्या पारावर मला सजवलं. मुंडावळ्या बांधल्या, हातात कट्यार दिली, घोडीवर चढवलं. लगाम मामाच्या हाती. मागे आई, हातात शकुनाचा दिवा घेऊन. पुढे गजमल मास्तर, लाल कोट, पितळी बटणं, तेल लावलेल्या मिशा. त्याने क्लॅरोनेट ओठाला लावलं मात्र, पारावरचे सगळे लोक उठून उभे राहिले. माझी छाती फुगली. मांडव तसा हाकेच्या अंतरावर, दिवस अजून बराच वर. मनात म्हटलं, बापू, आज नवापूर तुझं.

चौकात आलो आणि समोरून दुसरी मिरवणूक आली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. दोन नवरदेव समोरासमोर आले की जो आधी वाट देतो तो हलका ठरतो. तो एकटाच नाही, त्याचा बाप, त्याचं गाव, त्याची घोडी, सगळे हलके. म्हणून वाट कोणीच देत नाही. नवरदेव घोडीवर बसून राहतात आणि दोन्हीकडचे बँड आपसांत सामना खेळतात. ज्याचा दम आधी संपेल तो हरला.

समोरचा बँड विसरवाडीकडचा. कशीबशी चार माणसं, एक भेग पडलेला ढोल आणि पोचे आलेला एक ट्रम्पेट. आमच्या वऱ्हाडात हशा पिकला. वडिलांनी (जे आयुष्यात कधी टाळीसुद्धा वाजवत नसत) फेटा सावरून मास्तरला सांगितलं, "मास्तर, एकच गानं वाजाडा आन काम उरकाडा."

मास्तरने वाजवलं. काय वाजवलं असेल ते असो. ते संपलं आणि त्या पोचे आलेल्या ट्रम्पेटने तेच गाणं जसंच्या तसं परत केलं, वर एक गिरकी जास्त घेऊन. मास्तरच्या मिशा हलल्या. त्याने दुसरं काढलं. तेही परत आलं. तिसरं, चौथं, मग मी मोजायचं सोडलं. गर्दी वाढत गेली. चहावाला टपरी उघडी टाकून आला, न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीचा साबण घेऊन आला. ऊन उतरायला लागलं आणि मी मान वळवून वळवून मावळतीकडे पाहू लागलो.

समोरचा नवरदेवही घोडीवर बसून घाम पुसत होता. आमच्या दोन्ही घोड्यांची तोंडं एकमेकींना लागली होती, त्यामुळे बोलणं सोपं होतं.

"तुमना मुहूर्त कव्हय शे?" त्याने विचारलं.

"गोरजना."

"मन्हाबी."

"मंग वाट द्या ना."

"तुम्हीच द्या. मन्हा बाप माले घोडीवरथून वढी काढी."

"मन्हा बाप तं घोडीसकट वढी."

त्याने मला पान दिलं. मी ते कट्यारीच्या हाताने घेतलं आणि आम्ही दोघे आपापल्या लग्नाची वाट लागताना पाहत बसलो.

शेवटी मास्तरने एक असा सूर लावला की विचारू नका. लांबतच गेला, लांबतच गेला. सगळा चौक श्वास धरून उभा. समोरच्या ट्रम्पेटवाल्याने तो सूर धरायचा प्रयत्न केला, गाल फुगले, डोळे बाहेर आले आणि त्याचा दम संपला. त्याने ट्रम्पेट खाली आणला, पुढे आला आणि तो मास्तरच्या पायांशी ठेवला.

आम्ही जिंकलो! वडिलांनी फेटा हवेत उडवला. आईने तिथल्या तिथे दिवा ओवाळला. मी पाठ ताठ करून बसलो. आता वाट मोकळी होणार, मुहूर्त सापडणार, सासरे दारात उभे राहून माझी आरती करणार.

मास्तरने त्या ट्रम्पेटवाल्याला उठवून छातीशी धरलं. दोघांचे डोळे पाणावले. मग मास्तर आपल्या माणसांकडे वळून काहीतरी बोलला आणि आमचा सगळा बँड, लाल कोट, पितळी बटणं, मोठा ढोल, खुळखुळे, सगळा ताफा समोरच्या नवरदेवाच्या पुढे जाऊन उभा राहिला.

मामा धावला. "मास्तर, हाई काय?"

मास्तर अगदी शांतपणे म्हणाला, "आमनी बँडवालासनी रीत शे, मामा. हारेलना नवरदेव जिंकणाराने मांडवलगून पोचाडना पडस. त्याना मान राखना पडस."

हे सगळं त्याला मामाच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

"आन आमना नवरदेव?"

"तुमना तं जिंकेल शे. जिंकेलले बँड कसाले जोयजे?"

मला सांगा, याला काय उत्तर आहे? सामना आम्ही जिंकला, सुपारी आम्ही दिलेली आणि बँड गेला त्यांच्याबरोबर! हरलो असतो तर निदान वाजत गाजत मांडवात तरी गेलो असतो.

पण खरा अन्याय पुढेच आहे. दोन्ही बँड एकत्र झाले आणि गुरू-चेल्याने मिळून असं काही वाजवायला सुरुवात केली की माझं वऱ्हाड हललं. माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे. आधी पोरंसोरं, मग तरणे, मग चक्क माझे वडील, फेटा हातात गरगर फिरवत. "दादा! ओ दादा!" मी वडिलांना घोडीवरून हाक मारली. ते माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी आणखी एक गिरकी घेतली. मग आई. मी तिला शेवटचं पाहिलं ते गल्लीच्या वळणावर, शकुनाचा दिवा वाऱ्यापासून जपत, मान डोलवत. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चौक रिकामा झाला. उरलो मी, घोडी आणि शंकरमामा. मामा उरला तो त्याला काही ऐकू आलं नाही म्हणून. खरं सांगतो, मला रडू फुटलं. मुंडावळ्यांमुळे दिसलं नसेल, एवढंच.

"चाल बापू," मामा म्हणाला, "दिवस बुडी ऱ्हायना." आणि त्याने घोडी ओढली. वाटेत त्याला वाटलं, अगदीच मुकाट जाणं बरं दिसत नाही, म्हणून चहाच्या टपरीवरची एक थाळी उचलून तो ती चमच्याने बडवत चालला. ठेक्याचं म्हणाल तर तो बहिरा माणूस.

सासरे मांडवाच्या दारात मावळतीकडे बघत उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. मग आमच्या मागे पाहिलं. मग पुन्हा आम्हाला.

"वऱ्हाड कोठे शे?" बहिऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं.

"येई ऱ्हायनं," मामा म्हणाला.

"बँड?"

"तोबी."

"नवरदेवनी माय?"

मामाने थाळी खाली ठेवली. सासऱ्यांचा चेहरा बदलला. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी मुंडावळ्या बाजूला करून माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "हाऊच शे ना तो? का दुसराच कोनी घोडीवर बठी ऊना?"

झालं! आता मी मीच आहे हे सिद्ध करायचं. मी गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. त्यांना पटेना, कारण बघण्याच्या दिवशी मी खाली मान घालून बसलो होतो. शेवटी आतून नवरीला विचारून यायला तिची मावशी गेली. नवरीने खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि निरोप पाठवला, "कान तेच शेतस."

माझ्या ओळखीची एवढी एकच खूण तिच्या लक्षात राहिली होती. तेवढ्यावर मला घोडीवरून उतरवण्यात आलं.

मुहूर्त अगदी तोंडावर आला होता. माझ्या बाजूला मामा सोडून माणूस नव्हता, म्हणून सासऱ्यांनी त्यांच्याकडची थोडी माणसं मला उसनी दिली. त्यातला एकजण माझा काका झाला, एकजण मोठा भाऊ. अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि दोन गल्ल्यांपलीकडून क्लॅरोनेट ऐकू आलं. भटजी एक ओळ नेटाने म्हणाले. दुसऱ्या ओळीला अडखळले. तिसऱ्या ओळीपासून मंगलाष्टकं त्या बँडच्या चालीवर चालू झाली आणि माझे उसने काका खांदे उडवायला लागले. माझं लग्न अशा रीतीने, दुसऱ्याच्या लग्नाच्या ठेक्यावर, ऐन मुहूर्ताला लागलं.

दिवेलागण झाली आणि वऱ्हाड एकेक करून आलं, तोंडात पान. सगळ्यात शेवटी आई. दिवा अजून जळत होता.

"लगीन लागी गयं?" तिने विचारलं.

"लागी गयं," मी म्हटलं. "तू कोठे व्हती?"

"मी तठेच अक्षता टाक्यात रे. अंतरपाट दूर व्हयना, तवय समजनं का हाऊ मन्हा पोऱ्या नही." तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, मला वाटलं आता ही माफी मागणार. ती म्हणाली, "पन बापू, काय वाजाडं रे त्यानी!"

त्या दिवशी मी शपथ घेतली. जिथे जाईन तिथे सांगत सुटलो की गजमल मास्तर ही निव्वळ हवा आहे, ज्या बँडला आपला नवरदेव कोणता हे कळत नाही त्याला बँड म्हणू नये. बायको म्हणे, "बँड भारी व्हता म्हनीन तं लोके मांगे गयात."

पुढे धाकट्या भावाचं लग्न निघालं तेव्हा सगळा कारभार मी हाती घेतला. बँड असा शोधला की त्याच्यामागे कुत्रंसुद्धा जाणार नाही. घोडीचा लगाम मामाकडे. आणि आईची जबाबदारी मी दुसऱ्या कोणावर टाकली नाही. पारापासून तिचा हात माझ्या हातात घट्ट धरून मी स्वतः चाललो. अर्ध्या वाटेवर, डावीकडच्या गल्लीतून, क्लॅरोनेट ऐकू आलं. मी आईचा हात आणखी आवळला. तिने ओढ घेतली. (आई म्हणते, ओढ मी घेतली. हा वाद अजून मिटलेला नाही.)

त्यानंतरचं नीट आठवतं ते पंगतीपासून. समोर पत्रावळ, पत्रावळीवर बुंदी, शेजारी आई. वाढणारा अनोळखी माणूस वरणाची बादली घेऊन आमच्यापुढे थांबला, दोघांची तोंडं न्याहाळली आणि त्याने अदबीने विचारलं, "तुम्ही नवरदेवकडला का नवरीकडला?"

मी आईकडे पाहिलं. आई पत्रावळीकडे पाहत होती.

"बँडकडला," मी म्हटलं आणि वाटी पुढे केली.