गिअरबॉक्समधला साबण

"पन्नास वर्षं धडधाकट चाललेला गिअरबॉक्स ह्या माणसानं आठवड्यात फोडला!"

गुप्तेसाहेब ओरडत होते. आठवड्यापूर्वीच त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागलेले सावंतमामा मान खाली घालून उभे. नोकरी गेल्यातच जमा.

अंधेरीतल्या त्या गॅरेजात मी फिटर. कामगारांची पत्रकंही मीच लिहायचो. गप्प बसणं मला जमत नाही.

"मामा, झालं काय?"

"दुसरो गिअर टाकलंय आनी कटकन आवाज इलो. आणखी काय सांगू?"

"डबल क्लच केला नसणार!" साहेब कडाडले.

डबल क्लच म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा. जुन्या गाडीत तसं नाही केलं, तर दातावर दात आपटतात. साहेबांची गाडी त्यांच्या आजोबांची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची.

"उघडून बघू या," मी म्हटलं.

आमचे मालक पाटकर लगबगीनं मध्ये पडले. "उघडतोस कशाला? दुसरा बसवून देऊ ना!"

आम्हाला हात धुवायला साबण न देणारा माणूस गिऱ्हाइकाला गिअरबॉक्स द्यायला निघाला! मी झाकण काढलंच.

आत पितळी कड्या. "साहेब, ह्या कड्या गिअर पडायच्या आधी दोन्ही दातेरी चाकांचा वेग जुळवतात. डबल क्लच लागतच नाही. इतके दिवस तुम्ही उगाच दोनदा पाय मारलात. आजोबांच्या गाडीत ह्या कड्या नव्हत्या. हा टॅक्सीचा बॉक्स आहे. आणि दात बघा, सगळेच झिजलेत. हे काय आठवड्याचं काम आहे?"

"अशक्य! हा कधी कोणी उघडलेलाच नाही."

"नाहीच," पाटकर म्हणाले. "गेल्या दिवाळीत गाडी आमच्याकडे होती, पण फक्त पॉलिशला."

मग मी पॅकिंग सोललं. पॅकिंग म्हणजे तेल गळू नये म्हणून झाकणाखाली घालायचा पुठ्ठा. गॅरेजात तो हाताला लागेल त्या पुठ्ठ्यातून कापतात. उलटा केला, आणि मला हसू आवरेना. लाल ऑइलपेंट, अक्षर माझं: 'साबण द्या'.

गेल्या वर्षी गेटवर धरलेले आमचे फलक माळ्यावर ठेवले होते. पाटकर म्हणाले होते, उंदरांनी खाल्ले.

"साहेब, तुमच्या आजोबांचा आमच्या मागणीला पाठिंबा होता तर!"

साहेबांनी पुठ्ठा वाचला. मग पाटकरांकडे बघितलं. "माझा बॉक्स कुठाय?"

माळ्यावर निघाला. गोणपाटात गुंडाळून, जुन्या गाड्यांच्या कुणा शौकिनाला विकायला जपून ठेवलेला.

तो बसवल्यावर गाडी सावंतमामांनीच घरी नेली. साहेब मागे बसले. मामांनी डबल क्लच असा मारला की गिअर पडल्याचं कळलंसुद्धा नाही.

सोमवारी आमच्या नळावर साबणाची वडी आली. वर्षभर पत्रकं वाटून आली नव्हती.

तेव्हापासून फलक मी चांगल्या जाड पुठ्ठ्यावरच रंगवतो. मालक कुठे वापरतील, सांगता येत नाही.