परत आलेले बारा माउथ ऑर्गन

शाळेच्या बँडच्या मास्तरांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि न बसताच म्हणाले, "ताई, बाराच्या बारा उतरलेत."

ताईंनी पिशवी उघडली; त्यांनीच लावून दिलेले माउथ ऑर्गन होते. माउथ ऑर्गन सुरात लावायचं काम त्या एकतीस वर्षं करत होत्या. झाकण काढायचं, आतली एकेक पितळी पत्ती फुंकून बघायची, सूर उतरला असेल तर पत्तीच्या टोकाशी इवलंसं खरवडायचं, चढला असेल तर बुडाशी. केसभर जास्त झालं की पत्ती कामातून गेली. आपल्या हाताखालून गेलेला बाजा परत येत नाही, असा त्यांचा तोरा होता आणि तो त्या लपवतही नसत. गेल्या महिन्यात मात्र दोन परत आले. "फुंकणाऱ्याला अक्कल नाही," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती.

वडिलांचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुकान त्यांचंच. म्हातारपणी त्यांचे कान गेले, पण कबूल करतील तर शपथ! चांगले बाजे बिघडवून देत राहिले आणि लोक तोंडावर "वा, वा" करून दुसरीकडे जात राहिले. ताईंना सगळ्यात जास्त धास्ती याचीच. कान गेले तर आपल्याला कळणार तरी कसं?

"परवा स्पर्धा आहे," मास्तर म्हणाले. "काल पियानोबरोबर वाजवून बघितलं. पियानो एकीकडे, मुलं भलतीकडे."

ताईंनी एक बाजा उचलून फुंकला. चोख. दुसरा फुंकला. तोही चोख. चुकीचं असून आपल्याला बरोबर ऐकू येतंय, म्हणजे संपलंच सगळं.

गल्ल्यावर बसलेला धाकटा भाऊ उठला आणि कपाटातून सूर मोजायचं काट्याचं यंत्र घेऊन आला. ताईंचं आणि त्या यंत्राचं कधी पटलं नव्हतं.

"ठेव ते आत."

"बघायला काय जातंय, ताई? चावतंय का ते?"

ताईंनी जीव मुठीत धरून फुंकलं. काटा बरोबर मधोमध.

"बघ! कान ठणठणीत आहेत तुझे!" भाऊ ओरडलाच.

मग तोच बाजा मास्तरांनी फुंकला. काटा डावीकडे घसरला, सूर उतरला.

ताईंचा जीव भांड्यात पडला. जोरात फुंकलं की पत्तीचा सूर थोडा खाली येतो, त्यात नवल काही नव्हतं. "जोर कमी करा, मास्तर. शेगडी नव्हे ती."

"मी नेहमीसारखाच फुंकतोय," मास्तर जरा दुखावून म्हणाले. "मुलंही तशीच फुंकतात. इतकी वर्षं तुम्हीच लावून देता, कधी उतरले होते का?"

भावाने बाजा घेऊन फुंकला. काटा डावीकडेच गेला.

दोघांची फुंक सारखी होती, वेगळी, हलकी होती ती ताईंची, आणि तिच्यावरच बाराही बाजे लावले गेले होते. त्या कानांची काळजी करत बसल्या होत्या. जिन्यात मध्येच थांबावं लागतं, बोलता बोलता दम लागतो, याला त्यांनी वय असं नाव देऊन टाकलं होतं.

बाराही बाजे संध्याकाळपर्यंत पुन्हा लावून झाले. भाऊ फुंकत होता, ताई ऐकून खरवडत होत्या, आणि कान एकदाही चुकला नाही. मास्तर खुशीत गेले.

ते गेल्यावर ताईंनी आपला स्वतःचा बाजा काढला. "घड्याळ बघ," त्या भावाला म्हणाल्या. पूर्वी त्या एक सूर अर्धं मिनिट सहज धरत. तेवढ्यात भाऊ चहा संपवायचा आणि वर "झालं का?" म्हणून चिडवायचा.

सूर लागला, स्वच्छ लागला, आणि आठव्या सेकंदाला तुटला. भाऊ घड्याळाकडे बघत पुढचे आकडे ओठांतल्या ओठांत मोजतच राहिला.

"परत एकदा, ताई. नीट श्वास घेऊन."

"नीटच घेतला होता रे," त्या म्हणाल्या. "मला फार भीती वाटतेय. माझ्याबरोबर दवाखान्यात चल."