ज्योतीरामनं मंडपात वाचलेली कविता

काळेवाडीतल्या ज्योतीरामला नव्या कवितांचं वेड लागलं, तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे आणि हा कविता वाचत बसायचा. "राव, कुणासाठी पाठ करताय?" असं मीच विचारायचो आणि नको ते वस्तीभर पसरवायचोही मीच.

शहात्तर साली बाबासाहेबांच्या जयंतीला त्यानं मंडपात एक कविता वाचली. झोपडीत तापानं गेलेल्या एका लेकराची होती. अर्ध्यावरच त्याला हुंदका फुटला आणि सगळा मंडप डोळे पुसू लागला. त्याची बायको केसरबाई तेवढी उठून घरी गेली.

माझ्या आणि ज्योतीरामच्या खोल्यांमध्ये पत्र्याची भिंत आणि माझे कान तिखट. दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक सुजाता अशीच तापानं गेली होती. ज्योतीराम तेव्हा टेंपररी होता. खाडा झाला तर कामावरून काढतील, म्हणून पोरीला माती देऊन तो तसाच सेकंड शिफ्टला गेला. रडला नाही, आणि पुढं घरात तिचं नावही काढलं नाही.

"परक्याच्या लेकराला रडलात," त्या रात्री भिंतीपलीकडं केसरबाई म्हणाली. "आता तीच कविता मला वाचून दाखवा. त्यात आपल्या सुजाताचं नाव घाला."

त्यानं सुरुवात केली. नावापाशी आला आणि थांबला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला, पुन्हा तिथंच अडला.

"वाचा," ती म्हणाली. "मी बसलेय."