योगिनीच्या वकिलीचं गाऱ्हाणं

जयगडच्या रस्त्याला तिठ्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की नर्सिंग, आयटीआय, पोलीस भरती हेच फॉर्म येतात. लॉच्या सीईटीसाठी आलेली पहिली पोर म्हणजे आमच्या विठूदादांची योगिनी. मी म्हटलं, "अगो, पोलीस भरतीचा भर, उंची आहे तुला." ती म्हणाली, "काका, सल्ला नको, फॉर्म भरा." पोर फटकळ आहे. माझ्याशी वाद घालते आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं, याचा मला राग येतो.

तिला वकिलीच का हवी, हे गावात कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या शेजारी गोदूबाई राहते, एकटी. गावाने तिच्या आगरातून पायवाट काढायची ठरवली, माडपोफळी तोडायला माणसं आली, तेव्हा ती तडक रत्नागिरीच्या कोर्टात गेली. आमच्याकडे भांडण गावकीत मिटवायचं, कोर्टाची पायरी चढायची नाही, अशी रीत. गावाने तिला वाळीत टाकलं. तिच्याशी कोणी बोलत नाही, शिमग्याची पालखी तिच्या दारात थांबत नाही. माझ्या दुकानात ती कधी आली नाही. आली असती तर मी काय केलं असतं, ते मला विचारू नका.

वाळीत टाकल्याचा हा निर्णय देवासमोर सांगितला तोही विठूदादांनीच. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. कोणाला देवाला काही सांगायचं असलं, कबूल करायचं असलं, तर ते त्यांच्याच तोंडून जायचं. ते एकेक वाक्य बोलणार, आणि जमलेल्यांनी मागून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. माणूस एरवी अबोल. देवापुढे मात्र आवाज असा लागतो की घंटेची गरज नाही.

योगिनीचा रत्नागिरीच्या कॉलेजात नंबर लागला. विठूदादा म्हणाले, "नुसत्या काळ्या कोटावर भुलू नको. त्यात काय काय करतात ते आधी विचारून ये." म्हणून मी तिला रत्नागिरीला समीक्षा वकिलांकडे घेऊन गेलो. बाईंनी चहा दिला आणि गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, "पहिली काही वर्षं सीनियरच्या मागे फायली धरून उभी राहशील, हातात फार काही पडणार नाही. नंतर हवं तर न्यायाधीशाची परीक्षा दे, सरकारी वकील हो, नाहीतर बंदराच्या कंपनीत कायदा खात्यात बस, एसीत. जमिनीचे सर्च रिपोर्ट काढणारेही सुखात आहेत." योगिनीने विचारलं, "आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याचा वकील?" बाई म्हणाल्या, "तोही असतो, विधी सेवेतर्फे. दमतो फार." मग पोरीने गोदूबाईचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "वाळीत टाकणं गुन्हा आहे. त्याला वेगळा कायदाच आहे." एसटीत परतताना पोर मोबाइलवर तोच कायदा वाचत होती.

गावात अशी गोष्ट लपते होय? वकीलबाईंकडे काय बोलणं झालं ते आमच्याआधी गावात पोचलं. गावकी बसली. गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, म्हणाले, "पोरगी शिकूदे, आमची ना नाय. पण गावाविरुद्ध कधी केस घेणार नाय, असा देवापुढे शब्द हवा. नायतर तुमचं घर गोदूबाईच्या पंक्तीला." मुंबईला असलेल्या गाववाल्यांच्या मंडळाचाही फोन आला, तेच सांगायला. मी पोरीला समजावलं, "देऊन टाक शब्द आणि मोकळी हो. देव काय बार कौन्सिलला कळवायला जातोय?" ती माझ्यावर उखडली. "खोटा शब्द देऊन वकिली सुरू करू? आणि खरा दिला तर शिकू कशाला?" सीट पक्की करायचा शेवटचा दिवस तोंडावर आला होता. तिची आई कमळावहिनी रडून रडून डोळे सुजवून बसली होती. विठूदादांना गावकीने विचारलं, "गाऱ्हाण्यात तिचा शब्द घालशील ना?" ते नुसतं "बरं" म्हणाले. त्या दिवशी पोर बापाशी बोलली नाही.

श्रावणातला सोमवार होता, देऊळ भरलेलं. विठूदादांनी नारळ हातात घेतला. पोर खांबाला टेकून उभी, चेहरा पांढराफटक.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी जमली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"ही माझी योगिनी कायदा शिकायला चालली हाय. तिच्या वाटेतली इडापिडा दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"ती ज्याच्या बाजूने उभी राहील, तो गावातला असो नायतर गावाने टाकलेला असो, तिचं तोंड कोणाच्या भयाने बंद पडू देऊ नको..."

"व्हय म्हाराजा!"

चार माना वर झाल्या. गावकरांनी डोळे वटारले. पण गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं, आणि विठूदादा श्वास घ्यायला थांबेनात.

"गोदूबाईला वाळीत टाकल्याचं गाऱ्हाणं मी ह्याच तोंडाने घातलं. ती आमची चूक पदरात घे. आजपासून ती आमच्यातलीच, असं मान..."

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज कमी होते, पण होते. जन्माची सवय हो, तोंड मनाला विचारत नाही. त्यात माझा आवाज होता आणि, देवाशप्पथ सांगतो, गावकरांचाही होता.

नारळ फुटला. गावकर पुढे आले, "विठू, काय केलंस हे?"

"मी काय केलं? मी मागितलं," विठूदादा म्हणाले. "व्हय तुम्ही म्हणालात."

देवापुढे दिलेला होकार मागे कसा घेणार? योगिनी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत रडली. कॉलेजची सीट तिने त्याच दुपारी माझ्या दुकानातून पक्की केली.

पण त्याआधी ती देवळातून निघाली ती प्रसाद घेऊन सरळ गोदूबाईकडे. आम्ही सगळे मागोमाग गेलो आणि आवाराच्या दगडी गडग्यापाशी थांबलो. आत शिरायचं धाडस कोणाला झालं नाही, मलाही नाही. म्हातारी घरापुढच्या खळ्यात सुपारी सोलत होती. पोरीने खोबऱ्याचा तुकडा पुढे धरला.

गोदूबाईने हात पुढे केला नाही. आमच्याकडे बघितलंन, मग पोरीकडे. घाबरली होती.

"जा गो बाय, घरी जा," ती हळूच म्हणाली. "बघतायत सगळे. तुलापण वाळीत टाकतील."